सर्व्हिस सेंटरने पाठवलेला अंदाज: मुकाट्याने हो म्हणायचं की पेन घेऊन काट मारायची?

हिंजवडीकर:
गाडी पेट्रोल हॅचबॅक, चार वर्षं झाली, आता 40 हजार किलोमीटरची सर्व्हिस. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला बुकिंग केलं तर ॲडव्हायझरने व्हॉट्सॲपवर 19,400 चा अंदाज पाठवलाय. त्यात ऑइल, फिल्टर, प्लग, लेबर मिळून 6,500, इथवर तक्रार नाही. पण पुढे इंजिन डीकार्बनायझेशन (आत साचलेला कार्बन काढणं) 2,200, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) क्लीनिंग 900, एसी इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारा भाग) क्लीनिंग 1,500, अंडरबॉडी अँटी-रस्ट 3,200, इंटिरियर क्लीनिंग 1,400, अलाइनमेंट-बॅलन्सिंग 1,300, ब्रेक फ्लुइड 950, कूलंट 1,450. म्हणजे मूळ सर्व्हिसच्या जवळपास दुप्पट पैसे नुसत्या ‘रेकमेंडेड’ कामांचे! गाडीला काही म्हणजे काही त्रास नाही, ॲव्हरेज पण नीट देतेय. मला यातली निम्मी तरी दुकानदारी वाटते. बायकोचं म्हणणं, रोज गाड्याच बघणारी माणसं सांगतायत तर करून टाक, एक्स्प्रेसवेवर बंद पडली तर टोइंगवालाच तेवढे घेईल. तुम्ही लोक काय करता?

जुनाट_गाडी:
सरळ काट मारा हो. ग्लोव्ह बॉक्समध्ये मॅन्युअल असतं जे आपण पीयूसी ठेवायला वापरतो, त्याच्या शेवटी शेवटी मेंटेनन्सचा तक्ता असतो, त्यात डीकार्बनायझेशन हा शब्द शोधून दाखवा आणि माझ्याकडून मिसळ घ्या. साध्या एमपीएफआय (मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन) इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागेच फवारलं जातं, त्याने व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. कार्बन साचायचा खरा त्रास डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांना, तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं आणि व्हॉल्व्ह कोरडे राहतात. तुमच्या हॅचबॅकला त्याची गरज नाही. थ्रॉटल बॉडीचंही तेच, सिग्नलला उभं असताना आरपीएम वरखाली होत असेल तरच हात लावायचा. मी तर वॉरंटी संपल्या दिवसापासून नाना पेठेतून पार्ट आणतो आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे टाकतो, समोर उभं राहून काम करून घेतो.

माजी_ॲडव्हायझर:
मी हे काम केलंय, आता सोडलंय, त्यामुळे थोडं आतलं सांगतो. टार्गेट असतं, खोटं कशाला बोलू. क्लीनिंग, कोटिंग, पॉलिश याला आम्ही व्हॅल्यू ॲडेड म्हणायचो, त्याचा प्रत्येकाच्या नावावर महिन्याचा आकडा असतो आणि इन्सेंटिव्ह त्याच्यावरच. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गाडी लावली तर यादी आपोआप लांबते.
पण म्हणून सगळ्याच यादीवर काट मारायला सांगणारे लोक बघितले की मला राग येतो, कारण त्यात ब्रेक फ्लुइड पण आहे. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 फ्लुइड कोरडं असताना 230 अंशांच्या वर उकळतं, पाणी धरलं की ती मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना भरलेली गाडी, पाय सतत ब्रेकवर, फ्लुइड उकळून वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. रोजच्या हिंजवडी-बाणेरमध्ये हे कधीच कळणार नाही. दोन वर्षांनी बदलायचं असतं, तुमच्या गाडीला चार झाली, एकदा तरी बदललंय का ते जुन्या बिलात बघा. 950 रुपये आहेत हो.
आणि मॅन्युअलचा तक्ता दाखवणाऱ्यांनी पुढचं पान पण उलटावं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ‘सिव्हिअर कंडिशन’ म्हणून वेगळा तक्ता असतो: धूळ, छोट्या छोट्या फेऱ्या, सतत थांबत चालवणं. पुण्यातली कुठली गाडी यात बसत नाही सांगा.

स्पष्टवक्ती:
मग ब्रेक फ्लुइड आणि सीटवरचे डाग एकाच यादीत, एकाच ‘रेकमेंडेड’ शिक्क्याखाली का घालता? जीवाशी संबंधित काम कुठलं आणि चकाचक करायचं काम कुठलं हे गिऱ्हाइकाला कळूच नये अशीच ती यादी असते. आणि बाई एकटी गाडी घेऊन आली की यादी अजून वाढते हे मी दरवेळी अनुभवते.
मागच्या सर्व्हिसला (नाव लिहीत नाही) मला फोन आला, मॅडम फ्रंट ब्रेक पॅड संपलेत, आजच बदलावे लागतील, सेफ्टीचा प्रश्न आहे. म्हटलं चाक काढून ठेवा, मी येते. गेले तर चाक काढलेलंच नव्हतं! मग काढलं, पॅडला स्टीलची पट्टी लावायला लावली, जाडी 6 मिमी निघाली. नवीन पॅड साधारण 10-12 चं असतं आणि 3 च्या आसपास आलं की बदलायचं. ॲडव्हायझर म्हणतो, मॅडम पुढच्या सर्व्हिसपर्यंत संपतीलच ना. अरे मग पुढच्या सर्व्हिसला सांग!
तेव्हापासून माझा एकच नियम, फोनवर काहीही मंजूर करायचं नाही. पार्ट दाखवा नाहीतर व्हिडिओ पाठवा, आणि काढलेला जुना पार्ट डिकीत ठेवा.

रत्नांग्रीकर_बाब्या:
अँटी-रस्टला पुण्यातल्या लोकांनी नावं ठेवू नयेत. इकडे या मग सांगा. खारी हवा, चार महिने पाऊस, मिऱ्या बंदराकडे रोज गाडी जाते, माझ्या शेजाऱ्याच्या गाडीचा सायलेन्सर आणि खालचे ब्रॅकेट बघवत नाहीत. मी दर दोन वर्षांनी करतोच. पण एक बघायचं, मारण्याआधी खालून प्रेशरने धुवून पूर्ण वाळवली पाहिजे आणि आधीचा गंज खरवडला पाहिजे. पावसाळ्यात सकाळी गाडी घेऊन संध्याकाळी परत देणारे ओल्या चिखलावरच काळा थर मारतात, मग ओल आत कोंडते आणि गंज झाकणाखाली आणखी जोरात वाढतो. तसलं करण्यापेक्षा न केलेलं बरं.

जुनाट_गाडी:
बाब्याशेठ मान्य, कोकणाचं वेगळं. हिंजवडीत कुठे खारी हवा आहे? तिकडे फक्त ट्रॅफिक.

डिझेल_डोकं:
ओळखीच्या गॅरेजवाल्याचे गोडवे गाणाऱ्यांना एक प्रश्न. 2020 च्या एप्रिलनंतरच्या बीएस6 डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, त्याला कमी राख सोडणारं ठरावीक ग्रेडचंच ऑइल लागतं. तुमचा गॅरेजवाला बॅरलमधलं ‘सगळ्या डिझेलला चालतं साहेब’वालं ओतणार, डीपीएफ चोंदणार, आणि त्याची किंमत ऐकली की सर्व्हिस सेंटरचं बिल गोड वाटायला लागेल. शिवाय एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर वेळापत्रकाप्रमाणे अधिकृत सर्व्हिसची नोंद मागतात. विकताना पण गिऱ्हाईक आधी सर्व्हिस हिस्ट्रीच बघतं. मी चार पैसे जास्त देतो आणि झोपतो शांत.

स्पष्टवक्ती:
नेमकी याच भीतीवर यांचा धंदा चालतो. स्पर्धा आयोगाने 2014 च्या ऑगस्टमध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोकला होता आणि सांगितलं होतं की सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्या, बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द म्हणू नका. पुढे ते अपिलात गेलं ते गेलंच, पण मुद्दा आयोगाने काढला होता हे विसरू नका. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, लिखित अंदाजापेक्षा जास्त बिल लावलं तर मी पहिला फोन तिथे करते.

डिझेल_डोकं:
ताई आयोगाचा आदेश छापून वॉरंटी क्लेमला घेऊन जा, मग काउंटरवरचा माणूस काय म्हणतो ते इथे येऊन लिहा. कागदावरचा हक्क आणि सोमवारी सकाळी गाडी बंद असताना मिळणारा हक्क यात फरक असतो हो.

एडिसनवाला:
इकडे न्यू जर्सीत 1975 पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी ॲक्ट आहे, आमच्याकडेच सर्व्हिस करा नाहीतर वॉरंटी नाही असं कंपनीला म्हणता येत नाही, ते काम फुकट देत असतील तर गोष्ट वेगळी. तरी डीलर फ्युएल सिस्टिम फ्लश चिकटवायला बघतोच, माणसं सगळीकडे सारखीच 😀

हिंजवडीकर:
सगळ्यांचे आभार. मॅन्युअल उघडलं (पीयूसी सापडली, संपलेली). आमच्या मॅन्युअलप्रमाणे कूलंट अजून बरीच वर्षं चालतं, त्यामुळे ते गेलं. डीकार्ब, थ्रॉटल, अँटी-रस्ट, इंटिरियर पण गेलं. ब्रेक फ्लुइड करतोय, जुन्या बिलांत कुठेच नाही. अलाइनमेंट टायरवाल्याकडे निम्म्यात होतं. एसीचं काय करू? वास वगैरे काही नाही.

माजी_ॲडव्हायझर:
वास नाही आणि थंड होतंय तर नको. घरी पोचायच्या दोन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवत जा, आतली ओल वाळते. केबिन फिल्टर मात्र बघा, ग्लोव्ह बॉक्स खाली घेतला की बहुतेक गाड्यांत तिथेच मागे असतो.

हिंजवडीकर:
एक राहिलं. मी नाही म्हटलेल्या कामांपुढे ते जॉब कार्डवर ‘कस्टमर डिनाइड’ लिहून सही घेणार म्हणतायत. उद्या इंजिनचं काही निघालं तर हे दाखवून वॉरंटी नाकारतील का?

माजी_ॲडव्हायझर:
मॅन्युअलच्या तक्त्यातलं काम नाकारलं असेल तर नाकारू शकतात आणि मग तुमची बाजू लंगडी. डीकार्ब तक्त्यात नाहीच, त्यावर काय नाकारणार. सही करा, पण शेजारी ‘मेंटेनन्स तक्त्यात नाही’ एवढं स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा.

डिझेल_डोकं:
आणि तेवढं लिहिलंत की पुढच्या वेळी गाडी धुवून मिळते का बघा 😄