‘स्टिरिओटाइप’ला मराठीत काय म्हणाल?

दादरकर बाई:
दादरला आमचं लहानसं फिल्म मंडळ आहे. महिन्याला एक सिनेमा आणि सोबत चार पानी टिपण. या खेपेचा विषय: मुंबईतले पारशी, ख्रिस्ती, ज्यू पडद्यावर कसे दिसतात आणि स्वतःला तसं पाहून त्यांना काय वाटतं. टिपण माझ्या गळ्यात पडलं आणि मी पहिल्याच ओळीत रुतलेय, कारण ‘स्टिरिओटाइप’ला शब्द सापडत नाही.

‘साचेबद्ध’ आणि ‘ठोकळेबाज’ ही विशेषणं झाली. मला नाम हवंय. शिवाय ‘साचेबद्ध’ म्हटलं की मला गाइडातली उत्तरं आठवतात आणि ‘ठोकळेबाज’ म्हटलं की सरकारी वसाहती. ‘पठडीतला’ हे तर कौतुकानेही म्हणतात, अमक्या बुवांच्या पठडीतला गायक. ‘शिक्का’ जवळचा वाटतो, पण शिक्का माणसावर नंतर बसतो, त्याने काहीतरी केल्यावर. सिनेमातला अँथनी दारातून आत यायच्या आधीच प्यालेला असतो.

कंपोझिटर:
माझी तेहतीस वर्षं छापखान्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो. हा शब्द मुळात आमचा आहे. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून पान बांधलं की त्यावर लगद्याचा ओलसर जाड कागद दाबायचा. त्यात अक्षरांचे खळगे उमटतात. तो वाळला की त्यावर वितळलेलं शिसं ओतायचं (नुसतं शिसं नव्हे, त्यात अँटिमनी आणि कथील). निघतो तो अखंड पत्रा म्हणजे स्टिरिओ. रोटरी छपाईयंत्रासाठी तो बाकदार ओतायचा. फायदा असा की खिळे पुढच्या पानाला मोकळे होतात आणि एकाच पानाचे हवे तेवढे पत्रे काढता येतात. तोटा असा की पत्र्यातला खिळा बदलता येत नाही. काना राहिला तर राहिला, सगळ्या प्रतींत तसाच जातो.

हे नाव दिलं फिरमँ दिदो या फ्रेंच मुद्रकाने, अठराव्या शतकाच्या शेवटी. माणसांच्या बाबतीत ते रुळवलं वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने, १९२२ साली. ‘क्लिशे’ हाही त्याच पत्र्याला फ्रेंच छापखान्यात म्हणत तो शब्द. तेव्हा माझं मत ‘ओतीव’ला.

दादरकर बाई:
‘ओतीव’ म्हटलं की डोळ्यांपुढे पितळेचा नटराज येतो हो. ओतीव काम, ओतीव बांधा, सगळं कौतुकच. पण ‘पत्र्यातला खिळा बदलता येत नाही’ हे मी उचलतेय, विचारत नाही.

उत्तनकर:
शब्द कुठलाही घ्या, आधी आमचं नाव नीट लिहा. मी ईस्ट इंडियन. सिनेमात मुंबईचा ख्रिस्ती म्हणजे गोव्याचा, हे ठरलेलं. आम्ही इथलेच, साष्टी-वसईचे. घरात बोलतो ती मराठीचीच बोली. लग्नाआधी बँड लावून विहिरीवर ‘उंबराचं पाणी’ आणायला जातो, म्हाताऱ्या बायका लुगडं नेसतात. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव आमच्या लोकांनी १८८७ साली घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे ओळखू यावं म्हणून. नव्वद वर्षांनी पडद्यावर आलो तर पुन्हा सगळे एकाच गोणीत, ‘मैं क्या बोलता मॅन’.

माझी मावशी हे बघून ‘स्टिरिओटाइप’ म्हणत नाही. म्हणते, “हे गोंयकार, आपले नाय.” शिवी दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवून मोकळी! मडगावचा माझा मित्र तोच सिनेमा बघून म्हणतो, आमच्याकडे असं कोण बोलतं, हे तुम्ही बॉम्बेवाले. ते पात्र बिचारं दोघांच्या मधल्या रुळांवर उभं.

पण याच मावशीला ‘अनाडी’मधली मिसेस डिसा पाठ आहे. १९५९ चा सिनेमा. तोंडाने फटकळ आणि आतून मायाळू घरमालकीण. हाही साचाच की! तरी मावशी म्हणते, “अशी होती ना आपल्या गावठाणात एक.” आणि डिसाबाई झाल्या होत्या कोण, तर ललिता पवार.

आगाऊ:
त्याला जोड देतो. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधला जॉन चाचा आठवतो? तो केला डेव्हिड यांनी. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. मराठी ज्यू माणूस पडद्यावर ख्रिस्ती म्हणून गाजला. हिंदी सिनेमाने ख्रिस्त्यांना निदान एक साचा तरी दिला, बेने इस्रायलींच्या वाट्याला तोही जवळपास आलाच नाही. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्यांक दर्जा दिला तो २०१६ ला.

कंपोझिटर:
अल्पसंख्याक. अनुस्वार नाही. अल्प संख्या ज्यांची ते, शेवटी ‘क’ प्रत्यय. ‘अंका’चा संबंध नाही. सरकारी विभागाच्या नावातही ‘अल्पसंख्याक’च आहे.

आगाऊ:
काका, चुकलो.

दादरकर बाई:
आज आमच्या इथल्या पारशी कॉलनीतल्या ओळखीच्या बाईंकडे जाऊन आले. वय ऐंशीच्या पुढे. ‘खट्टा मीठा’ (१९७८) त्यांनी तीनदा पाहिलाय. विजया मेहतांचा ‘पेस्तनजी’ (१९८८) एकदाच. मी विचारलं, एकदाच का? म्हणाल्या, “तो रडवते. आमाला रडताना कोण बघायला येते?” मग जुनी मोटार, धनसाक, ‘डिकरा’ हे सगळं त्यांनी स्वतःच हसत मोजून दाखवलं आणि एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, “आमाला असाच दाखवते.”

मी घरी येईपर्यंत हे ‘दाखवते’ घोळवत होते. आपणही तेच म्हणतो, ‘आम्हाला असंच दाखवतात’. दाखवतात कोण? मराठीत इथे कर्ता लागतच नाही. ‘रस्ता खणतात’, ‘पाणी सोडतात’, तसं ‘दाखवतात’. वर कुठेतरी बसलेले कुणीतरी, ज्यांच्याशी आपलं बोलणं होणार नाही. विद्वान ज्याला स्टिरिओटाइप म्हणतात त्याला ज्याच्यावर तो पत्रा पडतो तो माणूस नाम देतच नाही. क्रियापद देतो. मी उगाच नाम शोधत बसले.

आणि गंमत बघा, पहिला बोलपट ‘आलम आरा’ काढणारे अर्देशीर इराणी कोण होते? १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकला तो लागला. ज्यांनी सिनेमाला बोलतं केलं त्यांच्याच समाजाच्या तोंडी पुढे ‘साला’ आणि ‘डिकरा’ एवढंच उरलं. २०११ च्या जनगणनेत देशभरात पारशी ५७,२६४. एवढ्यांनी तिकिटं काढली काय, न काढली काय, असा हिशेब कुणी करत असेल तर नवल नाही.

आगाऊ:
सगळं मान्य, पण आपण मराठी लोक इथे साळसूद बसलोय. हिंदी सिनेमात आपली बाई म्हणजे भांडी घासणारी आणि बुवा म्हणजे हवालदार, यावर आपण चिडतो. आणि आपल्या नाटकांतला भय्या, शेठजी, अण्णा? ‘यंडुगुंडू’ हा शब्द काय तमिळ माणसाने काढला? चार भाषांना एकाच खुळखुळ्यात बसवणारा शब्द आहे तो, आणि आपल्या आजीच्याही तोंडात होता.

चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) सरकारी वकीलबाई सहकुटुंब मराठी नाटकाला जातात. नाटक परप्रांतीयांवर, प्रेक्षागृहात हशा आणि टाळ्या. मी तो सिनेमा मुंबईतच पाहिला. नाटकातल्या विनोदावर आमच्या रांगेतले दोघे खरोखरीचे हसले आणि मग कॅमेरा हसणाऱ्यांकडेच बघतोय हे कळल्यावर गप्प झाले. त्यांतला एक मी.

उत्तनकर:
हे लिहिलंस ते बरं केलंस.

दादरकर बाई:
तर असं ठरवलं. विशेषण लागेल तिथे ‘ठोकळेबाज’, कारण वाचकाला ते कळतं (काका, माफी). नाम अगदीच लागलं तर ‘साचा’. आणि टिपणाचं शीर्षक ‘आम्हाला असंच दाखवतात’. काकांचा पत्रा दुसऱ्या पानावर, सविस्तर. काल रात्री झेरॉक्सला दिलं, सव्वाशे प्रती. पान इथेही चढवलंय.

कंपोझिटर:
वाचलं. तिसरं पान, सातवी ओळ. ‘ईस्ट इंडियन समाज’च्या जागी ‘ईस्ट इंडिया समाज’ पडलंय.

दादरकर बाई:
अरे देवा. सव्वाशेही प्रती निघाल्यात.

उत्तनकर:
मावशीला दाखवत नाही.