गुडघ्यात 'वंगण' भरायचं की नाही?

चिंचगूळ:
आईचं वय ६८. जिना उतरताना कठडा धरून आडवी, खेकड्यासारखी उतरते. परवा हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे दिव्यावर धरून म्हणाले, "गॅप कमी झालीय, वंगण संपत आलंय. जेलचं एक इंजेक्शन देऊ, सहा महिने बघायला नको." एका गुडघ्याला अठरा हजार. माहितीपत्रकावर नाव होतं सोडियम हायलुरोनेट. घरी आले तर वहिनीच्या चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या बाटलीवर तेच नाव, साडेसहाशे रुपये! माझं मत: एकच माल दोन काउंटरवर विकतात आणि 'वंगण' या शब्दाला आपण भुलतो. कोणाचं वेगळं मत असेल तर सांगा.

खडूफळा:
आहे वेगळं मत. माल एकच असणं म्हणजे लबाडी नव्हे. शरीरानेच तो दोन्हीकडे ठेवलाय. हायलुरॉनिक ॲसिड (सोडियम हायलुरोनेट हा त्याचाच क्षार) १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गायीच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं काढलं. नाव काचेच्या ग्रीक शब्दावरून. सत्तर किलोच्या माणसात ते जेमतेम १५ ग्रॅम असतं, त्यातलं निम्मं त्वचेत. सांध्यातल्या पाण्याला जो बुळबुळीत घट्टपणा असतो तो याच्यामुळेच. सांधा झिजू लागला की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि ते पाणी पातळ होतं. मग वंगण म्हटलं तर काय बिघडलं? आमच्या मामी इंजेक्शन घेऊन गेल्या वर्षी वारीत दिवेघाट चढून सासवडपर्यंत चालत गेल्या. स्वतः पाहिलंय.

उंबरठा:
मामींना नमस्कार. पण वंगणाचा हिशेब जुळत नाही हो. बाहेरून घातलेलं हे जेल सांध्यातून काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निघून जातं आणि आराम म्हणे सहा महिने! म्हणजे तेल घातल्यासारखं ते नक्कीच चालत नाही. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १६९ चाचण्यांचा, एकवीस हजारांवर रुग्णांचा एकत्र अभ्यास आला. त्यातल्या मोठ्या, नीट केलेल्या चाचण्यांत खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदना किती कमी? शंभरच्या पट्टीवर दोन. दोनाचा फरक माणसाला जाणवतसुद्धा नाही. वर गंभीर त्रासाचं प्रमाण थोडं जास्तच निघालं. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेने त्याच वर्षी सरळ सांगितलं की हे देऊ नका.

चिंचगूळ:
खोटं इंजेक्शन म्हणजे?

उंबरठा:
बहुतेकदा सलाइन. आणि सलाइन टोचलेल्यांनाही चांगला आराम पडतो. मामी खोटं बोलत नाहीयेत, त्यांचं दुखणं खरंच कमी झालं असणार. पण ते जेलमुळे की सुई, विश्वास आणि दुखण्याच्या नैसर्गिक चढउतारामुळे, हे एका मामीवरून कळत नाही.

सांधेजोड:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंजेक्शनं विकत नाही. तरी उंबरठा, एक बाजू राहिली. माझ्याकडे येणाऱ्या आज्यांपैकी निम्म्यांना मधुमेह आहे. जेलऐवजी सूज उतरवणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की काही दिवस साखर चढते. २०१७ च्या एका चाचणीत तर दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गादी) जास्त झिजलेली दिसली. रोजच्या वेदनाशामक गोळ्या किडनी आणि पोट दोन्ही खातात. ऑपरेशनला बाई तयार नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या हातात उरतं काय? अमेरिकन अस्थिशल्य संघटनेची २०२१ ची भूमिकाही 'सरसकट देऊ नका' अशी आहे, 'कधीच देऊ नका' अशी नाही.
पण चिंचगूळ, आईंच्या मांड्या बघितल्यात का? खरा प्रश्न तिथल्या कमजोर स्नायूंचा असतो. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबून दहा आकडे मोजायचे. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो. हे कंटाळवाणं आहे, म्हणूनच कोणी करत नाही.

पावडरचा_डबा:
आणि वहिनीच्या बाटलीचं काय? तिला वाऱ्यावर सोडू नका! नावात ॲसिड असलं तरी ते जळजळणारं ॲसिड नव्हे. मोठ्या रेणूचं असेल तर आत शिरत नाही, कातडीच्या वर बसून पाणी धरून ठेवतं. तेवढं काम चोख करतं. मी पुण्यात डिसेंबरमध्ये कोरड्या चेहऱ्यावर लावलं तर अर्ध्या तासात चेहरा पापडासारखा ताणला. ओल्या चेहऱ्यावर लावून वरून साधं क्रीम थापलं तेव्हा कुठे बरं वाटलं. सुरकुत्या 'आतून भरतात' हे मात्र बाटलीने सांगू नये, ते फिलरच्या, म्हणजे त्वचेखाली जेल भरायच्या, सुईचं काम. आणि ती सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा पार्लरमध्ये मुळीच नको.

खडूफळा:
दोनाचा आकडा मान्य. तरी मामींचं इंजेक्शन मी वाया गेलं म्हणणार नाही. त्या सासवडपर्यंत चालल्या त्या चालल्याच.

चिंचगूळ:
आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, "अठरा हजार राहू देत, आधी टॉवेल आण." काल दहा मोजता मोजता सातला झोपली. वहिनीने चेहरा ओला करून सीरम लावलं, पण बाटलीची किंमत दादाला सांगायची नाही असं ठरलंय.