कॅरिबियन पास्त्यात शाकुतीचा मसाला चालेल का?

रांदपी_काणकोण: सोमवारी शेजारणीनं आग्रहानं जेवायला बोलावलं. "कॅरिबियन पास्ता केलाय, नारळाच्या रोसात, पूर्ण शिवराक, म्हणजे शाकाहारी." जेवण रुचकर होतं, पण चव शाकुतीची, आपल्या गोव्याच्या मसालेदार रश्शाची! खसखस, दगडफूल, जायफळ, सगळं त्यात. आता ओळखीच्या आणखी दोन घरांत हेच चालतं. नारळाचा रस, पास्ता, आणि हाताला लागेल तो मसाला.

चीज-क्रीमच्या जागी नारळ घाला, त्याला माझी ना नाही. पण जमैका या कॅरिबियन बेटाचा जर्क मसाला उभा आहे तो ऑलस्पाइस, थाइम आणि स्कॉच बॉनेट मिरचीवर. ते नसेल तर त्याला कॅरिबियन म्हणू नका. ऑलस्पाइस म्हणजे आपली सर्वसुगंधी. फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागांत तिची झाडं आहेत.

मी असं करते. २५० ग्रॅम पास्ता (पाकीट वाचून घ्या, काहींत अंडं असतं). लाल, पिवळी, हिरवी ढब्बू मिरची उभी चिरून मोठ्या आचेवर परतायची, करकरीत राहायला हवी. कांद्याची पात, आलं, लसूण, भाजून कुटलेले दहा-बारा सर्वसुगंधीचे दाणे, थाइम, खोला मिरची (आपल्या काणकोणची लाल मिरची), किंचित गूळ. मग एका नारळाचा पहिला दाट रस, पास्त्याचं पाणी पळीभर. लिंबू गॅस बंद केल्यावर.

म्हापशेकार: ताई, मला हे पटत नाही. मिरची आणि काजू दोन्ही पोर्तुगीजांमुळे अमेरिकेतून आपल्याकडे आले. आपल्या आज्यांनी मूळ कृती कुठे विचारली? त्यांनी आपलं रांदप, म्हणजे स्वयंपाक, केलं. दुसरं, १८४५पासून भारतीय मजूर जमैकात गेले आणि त्यांच्या हळद-धण्यातून तिथली करी झाली. बोकडाची करी तिथे लग्नसमारंभात असते. मग आपला मसाला तिथं परका कसा?

रांदपी_काणकोण: १८४५चं म्हणणं खरं, ते मी लिहायलाच हवं होतं. पण बाब, त्या पदार्थाला ते करी म्हणतात, जर्क नाही. जर्क ही मरून लोकांची रीत. गुलामगिरीतून निसटून डोंगरात राहिलेली ती माणसं ऑलस्पाइसच्या लाकडाच्या धगीवर मांस शिजवत. आपण मांस काढलं, ठीक; जमैकातल्या रास्ताफारी पंथातही बरेच जण मांस खात नाहीत. पण ऑलस्पाइससुद्धा काढल्यावर त्यांचं काय उरलं? उद्या कुणी जर्कला शाकुती म्हणालं तर तुम्हाला चालेल?

दोन_नारळ: नावाचं तुम्ही बघा, माझा रस दर वेळी फाटतो. शेवटी डब्यातलं दूध आणलं, ते फाटत नाही. घरचंच हवं हा हट्ट कशाला?

रांदपी_काणकोण: डब्यातल्या बऱ्याच दुधांत गवार गमसारखं काहीतरी घातलेलं असतं, म्हणून ते टिकतं. घरच्या रसातली प्रथिनं जोराच्या उकळीनं गोठतात आणि तेल सुटतं. आंबट आधी पडलं तर लवकरच. आच मंद ठेवा, आधी पास्त्याचं पाणी घाला, त्यातल्या पिठानं रस धरून राहतो.

दोन_नारळ: मूठभर काजू भिजवून वाटले की तेच काम होतं.

रांदपी_काणकोण: होतं, पण मग कुर्म्यासारखं लागतं. मला नाही आवडत.

कुंडीतला_पानओवा: थाइम नसेल तर पानओवा घाला. हेच झाड त्रिनिदादला रुंद पानांचा थाइम म्हणून स्वयंपाकात वापरतात. दोनच पानं हं, जास्त झाली की खोकल्याच्या काढ्याचा वास येतो.

म्हापशेकार: पानओवा चालतो, खोला मिरची चालते, फक्त शाकुतीच चालत नाही. हे ठरवलं कोणी?

रांदपी_काणकोण: पानओवा तिकडचेच लोक घालतात. खोला मिरचीवर मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. रंगाला ती सुरेख, पण स्कॉच बॉनेटचा जाळ आणि फळासारखा वास तिच्यात नाही. ती मिरची इथं मिळत नाही म्हणून मी नमतं घेते. सर्वसुगंधी मिळते, म्हणून तिथं नाही घेणार.

म्हापशेकार: फोंड्याला जाणं होईल तेव्हा दाणे आणतो. अर्धा पास्ता तुमच्यासारखा, अर्धा शाकुतीचा. आणि दोन्हींना कॅरिबियनच म्हणणार.