वितळणे, विरघळणे, आटणे, वाळणे : लहान मुलांचे विज्ञानशब्द

प्रश्न

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकते. मागच्या आठवड्यात तिने वहीत 'साखर पाण्यात वितळते' असे लिहिले आणि तिच्या बाईंनी 'वितळते' खोडून तेथे 'विरघळते' लिहिले. त्याच दिवशी संध्याकाळी तिची आजी तिला म्हणाली, 'आइस्क्रीम विरघळायला लागलं, आधी खाऊन घे.' आजीचे बरोबर की बाईंचे, असे मुलीने मला विचारले आणि मला नीट सांगता आले नाही.

दुसरी अडचण 'बाष्पीभवन' या शब्दाची आहे. व्याख्या तिला तोंडपाठ आहे, परंतु दोरीवरचे कपडे वाळणे म्हणजेच बाष्पीभवन हे तिला पटत नाही, कारण कपड्यांतून वाफ निघताना तिने कधी पाहिलेली नाही. शिवाय 'भवन' म्हणजे इमारत, मग बाष्पाची इमारत कुठे असते, असेही तिने विचारले. रोजच्या बोलण्यात साधे शब्द असताना या शब्दांची गरज काय आणि ते मुलांना कसे समजावून द्यावेत, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

उत्तर

ताई, मी अनेक वर्षे तिसरी-चौथीच्या वर्गांना शिकवले आहे आणि आपल्या मुलीने विचारलेले प्रश्न मला वर्गात पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाले आहेत. ज्या मुलाला हे प्रश्न पडतात, ते मूल शब्द नुसता पाठ करत नसून त्याचा अर्थ लावू पाहत असते, म्हणून त्याला सावकाश उत्तर द्यावे असे मला वाटते.

आधी आजी आणि बाई. बोलीत 'विरघळणे' हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे आजींचे वाक्य मराठी म्हणून चुकीचे नाही. विज्ञानात मात्र या दोन शब्दांची वाटणी करून घेतलेली आहे. वितळायला उष्णता लागते आणि पदार्थ एकच असतो. बर्फाचे पाणी होते, मेणबत्तीचे मेण पातळ होते. विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. साखर कितीही वेळ वाटीत कोरडी ठेवली तरी ती विरघळणार नाही, त्यासाठी पाणीच हवे. मी मुलांना एवढेच विचारत असे, 'हे होताना एकच पदार्थ होता की दोन?' एक असेल तर वितळला, दोन असतील तर विरघळला. चौथीच्या मुलाला एवढी खूण पुरते.

याच कुळातला 'पाघळणे' हा तिसरा शब्द मला फार आवडतो. उन्हात चॉकलेट पाघळते ते वितळण्याच्या जवळचे आहे, परंतु पावसाळ्यात डब्यातला गूळ पाघळतो तेव्हा उष्णता कोठेच नसते. गूळ दमट हवेतले पाणी ओढून घेतो आणि त्या पाण्यात थोडाथोडा विरघळू लागतो. मिठाचेही तसेच. 'मिठाला पाणी सुटले' असे आपण म्हणतो आणि ऐकणाऱ्या मुलाला वाटते की पाणी मिठाच्या आतून बाहेर आले. प्रत्यक्षात ते हवेतून आलेले असते. साध्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडसारख्या क्षारांचा थोडा अंश राहिलेला असतो आणि तो अंश हवेतले बाष्प विशेष जोराने ओढतो. म्हणजे घरचा शब्द जवळचा असला, तरी कधी कधी तो चुकीचे चित्र मनात उभे करतो.

आता 'बाष्पीभवन'. आपण म्हणता ते खरे आहे, साधे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. कपडे वाळतात, फरशी सुकते, दूध आटते, इंजेक्शनपूर्वी दंडाला लावलेले स्पिरिट उडून जाते. मराठी किती बारकाईने शब्द निवडते ते येथे दिसते, कारण कपडे 'आटले' किंवा दूध 'वाळले' असे कोणीही म्हणणार नाही. पण नीट पाहिले तर आपली भाषा येथे पदार्थ पाहून क्रियापद निवडते. कापड असेल तर वाळणे, भांड्यातले दूध असेल तर आटणे, वासाचे द्रव असेल तर उडणे. या सगळ्यांत घडणारी क्रिया मात्र एकच आहे : द्रवाचा काही भाग डोळ्यांना न दिसणारा वायू होऊन हवेत जातो. ही एक क्रिया दाखवायला मराठीत एक शब्द नव्हता, म्हणून 'बाष्पीभवन' घडवावा लागला. साधा शब्द काढून टाकून त्याच्या जागी अवघड शब्द बसवला असे येथे झालेले नाही, चार साध्या शब्दांना एका दोऱ्यात ओवणारा पाचवा शब्द दिला आहे. वर्गात हे चार शब्द आधी यावेत आणि पाचवा शेवटी यावा. बहुतेक वेळा आपण पाचव्यापासून सुरुवात करतो आणि मूल तेथेच अडते.

गोठण्याच्या बाबतीत उलट बाजूनेही सावध राहावे लागते. पाणी गोठते, तूप थिजते, रक्त साकळते, पाक आळतो, दूध विरजते. पहिली दोन क्रियापदे वेगळी असली तरी क्रिया एकच आहे, थंडीने द्रवाचा स्थायू होतो. पाणी 0 अंश सेल्सिअसला गोठते आणि खोबरेल तेल सुमारे 24 अंशांच्या खाली थिजू लागते, एवढाच फरक, म्हणून थंडीच्या दिवसांत तेलाची बाटली आपण उन्हात ठेवतो. परंतु रक्त साकळणे, दूध विरजणे आणि पाक आळणे या तीन पूर्णपणे वेगळ्या क्रिया आहेत. विरजणातले जीवाणू दुधात आम्ल तयार करतात आणि त्यामुळे दही लागते, तर पाकातले पाणी निघून जाते म्हणून तो आळतो. तेव्हा घट्ट झाले म्हणजे गोठलेच, असे मुलाने मानू नये.

'भवन'चा उलगडा रस्त्यावरच्या पाट्यांवरून करून द्यावा. 'रस्ता रुंदीकरणाचे काम चालू आहे' किंवा 'काँक्रिटीकरण' हे शब्द मुलीने वाचलेले असतील. रुंद नव्हता तो रस्ता रुंद करणे म्हणजे रुंदीकरण. 'करण' म्हणजे करणे आणि 'भवन' म्हणजे होणे. कोणी मुद्दाम केले तर करण, आपोआप झाले तर भवन. बाष्प नव्हते ते बाष्प झाले, म्हणून बाष्पीभवन. इमारत या अर्थाचा 'भवन' हा शब्दही 'असणे, होणे' याच धातूपासून आला आहे, पण त्यात मुलीला इतक्यात पाडू नये.

राहिली वाफ. 'बाष्प' आणि 'वाफ' हे मुळात एकच शब्द आहेत. संस्कृतातला 'बाष्प' प्राकृतात 'बप्फ' झाला आणि मराठीत येईपर्यंत 'वाफ' झाला. हिंदीतला 'भाप' हाही त्याच घरचा. संस्कृतात बाष्पाचा आणखी एक अर्थ अश्रू असा आहे. ज्या शब्दाला मुले बिचकतात तो त्यांच्या स्वयंपाकघरातल्या शब्दाचाच पूर्वज आहे, हे सांगितले की त्यांना मोठी गंमत वाटते.

अर्थ मात्र आज वेगळे झाले आहेत. आपण वाफ म्हणतो ती गरम असते आणि दिसते. बाष्प दिसत नाही आणि ते गरम असण्याची गरज नाही. चहाच्या किटलीत पाणी खळखळून उकळत असताना तिच्या तोटीकडे दुरून लक्षपूर्वक पाहायला सांगावे. तोटीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. खरे बाष्प त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत आहे. पुढचा पांढरा लोट म्हणजे गार हवेत आल्यावर बाष्पाचे पुन्हा पाणी होऊन बनलेले अतिशय बारीक थेंब. वाळत घातलेल्या कपड्यांतून वाफ निघताना का दिसत नाही, याचे उत्तर मुलीला येथे मिळेल.

पुरवणी प्रश्न

सर, आपले विवेचन पटले, पण एक शंका आहे. माझा मुलगा सेमी-इंग्रजीला आहे. गणित आणि विज्ञान हे विषय त्याला इंग्रजीतूनच शिकायचे आहेत. त्याने 'इव्हॅपोरेशन' आणि 'ऑक्सिजन' हे शब्द सरळ शिकावेत, मराठी पर्यायांचा दुहेरी भार कशाला?

उत्तर

'ऑक्सिजन'बद्दल मी आपल्याशी सहमत आहे. मूलद्रव्यांची नावे जगभर एका सूत्रपद्धतीशी बांधलेली आहेत, त्यामुळे नत्रवायूसारखी जुनी नावे शाळेतून मागे पडली यात मला हानी दिसत नाही. 'प्राणवायू' तेवढा टिकला आणि टिकावा, कारण तो आता घरचाच शब्द झाला आहे. 'ऑक्सिजन' या नावाचा मूळ अर्थ 'आम्ल निर्माण करणारा' असा आहे. प्रत्येक आम्लात हा वायू असतो अशा समजुतीने लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 18व्या शतकात ते नाव दिले आणि ती समजूत पुढे चुकीची ठरली. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो. अर्थाच्या दृष्टीने आपला 'प्राणवायू'च अधिक खरा आहे.

क्रियांच्या शब्दांची गोष्ट वेगळी आहे. 'इव्हॅपोरेशन'च्या पोटात वाफ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, पण आपल्या मुलाला तो तेथे दिसणार नाही. 'द्रावण'चे कूळ मात्र त्याला दाखवता येते. द्रावक, द्राव्य, द्रावण हे तीन शब्द एकाच दिवशी फळ्यावर लिहिले तर मुले हमखास गोंधळतात. त्याऐवजी लेखक, गायक यांच्या रांगेत द्रावक बसवावा : लिहिणारा, गाणारा, विरघळवून घेणारा. खाद्य, वाच्य यांच्या रांगेत द्राव्य बसवावे : खाण्याजोगे, बोलण्याजोगे, विरघळण्याजोगे. मिश्रणाच्या शेजारी द्रावण. सरबतात पाणी द्रावक, साखर द्राव्य आणि सरबत द्रावण. हा अभ्यास मराठीच्या तासालाही उपयोगी पडतो, म्हणून मी त्याला भार म्हणणार नाही. परीक्षेत त्याने इंग्रजी शब्द लिहावा, विचार करताना त्याच्या मनात 'विरघळणे' असावे.

'पदार्थ' या शब्दाकडे मात्र आपण दोघांनीही लक्ष द्यावे. घरात पदार्थ म्हणजे खाण्याची वस्तू. 'लोखंड हा पदार्थ आहे' हे वाक्य वाचून एक मुलगा माझ्यासमोर थबकला होता आणि 'ते खातात का?' असे त्याने अगदी मनापासून विचारले होते. सोप्या दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही, त्यामुळे तो जास्त फसवतो. 'वजन' आणि 'हवा' हे शब्द त्याच जातीचे. त्यातल्या त्यात हवा आणि वारा हा भेद मराठीने आयताच दिलेला आहे : वाहती हवा म्हणजे वारा.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सर, मनःपूर्वक आभार. किटलीच्या तोटीपाशी असलेली रिकामी जागा मुलीने स्वतः शोधून काढली आणि आजीलाही बोलावून दाखवली. नंतर फ्रिजमधले गार पाणी तांब्यात ओतल्यावर बाहेरून थेंब जमले, तेव्हा 'तांब्याला घाम आला' असे आजी म्हणाली. पाणी आतून झिरपले असेल असे मुलीला वाटले, म्हणून आम्ही पाण्यात कोकमाचे आगळ मिसळून पाहिले. बाहेरचे थेंब पांढरे स्वच्छच राहिले. आता ती विचारते आहे की 'दंव पडते' हे वाक्य बरोबर आहे का, दंव खरोखर पडते का?

उत्तर

दंव पडत नाही, जमते. निरभ्र रात्री गवताची पाती आणि पाने आपली उष्णता वेगाने गमावतात, आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात आणि त्यांना लागून असलेल्या हवेतल्या बाष्पाचे तेथल्या तेथे पाणी होते. आपल्या तांब्यावर झाले तेच. या क्रियेला पुस्तकात कोठे 'संघनन' तर कोठे 'सांद्रीभवन' असे म्हटलेले आढळेल. सांद्र म्हणजे दाट, आणि दोन्ही शब्दांचा अर्थ एकच घ्यावा. 'घनीभवन' हा शब्द मात्र स्थायू होण्यासाठी राखून ठेवलेला बरा. थंडीच्या दिवसांत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा तेथे आधी सांद्रीभवन आणि मग घनीभवन झालेले असते. बातमीचे कात्रण मुलीला दाखवून या दोन पायऱ्या तिच्याकडूनच काढून घ्याव्यात.

'दंव पडते' हा प्रयोग भाषेत रूढ आहे आणि कवितेत, गप्पांत तो तसाच असू द्यावा. विज्ञानाच्या वहीत तिने 'पानांवर दंव जमते' असे लिहावे, आणि बाईंनी विचारले तर तांब्याचा प्रयोग सांगावा.