मदत हवी आहे: स्टेजवरच्या मल्लखांबाला लोखंडी बैठक

नमस्कार मंडळी. २०२३ मध्ये छत्तीसगडमधल्या अबूझमाडच्या मल्लखांब संघाने इंडियाज गॉट टॅलेंट जिंकल्यापासून आपल्या नाशिकची पोरंही ऑडिशनची जिद्द धरून आहेत. वणीच्या सप्तशृंगीशी मल्लखांबाची कथा जोडलेली, त्यामुळे जायलाच हवं! पण आखाड्यातला खांब जमिनीत पुरलेला, स्टेजवर सुटी बैठक लागते.

विचार असा: ४ बाय ४ फूट, १० मिमी जाडीची प्लेट (वजन साधारण ११७ किलो), मधोमध पाइपाचं सॉकेट, चारही बाजूंनी त्रिकोणी आधारपट्ट्या, खाली रबर शीट. ६ मिमीची प्लेट सुमारे ७० किलोच भरते. उडी घेऊन पकड बसली की झटक्याने कोपरा उचलला जायची भीती. दुसरी अडचण सागवानाची. हवा बदलली की लाकूड आकसतं, सॉकेटमध्ये खांब खुळखुळतो. पाचर ठोकावी की बोल्टने आवळणारा पट्टा लावावा? पाचर सरावात सैल होते म्हणून पट्ट्याकडे कल आहे. खांबाला चोळलेलं एरंडेल ओघळून प्लेट निसरडी होते, त्यावर काय अंथरता?

सातपूर किंवा अंबडमध्ये असं वेल्डिंग नीट करणारं कोणी माहीत आहे का? मुलं वरून उतरतात, टाका कच्चा चालणार नाही.