वारीचा तंबू: ४० × ३० ची एकच ताडपत्री घ्यायची का?

सचिव: राम कृष्ण हरी. लोणंद ते बरड आपली ४० माणसं चालणार, मुक्कामाचा तंबू आपलाच. दुकानात ४० × ३० फुटांची एकच ताडपत्री सांगतायत, २०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची). घेऊन टाकू का? रात्रीपर्यंत कळवा.

ए-३०२ काका: एवढी मोठी एकच नको. कोरडीच २२ किलो भरते, भिजली की आणखी जड. पहाटे वाऱ्यात घडी घालायला आठ माणसं लागतील, आणि एका ठिकाणी फाटली तर ४० जण उघड्यावर. ३० × २० च्या दोन घ्या. ३० फुटांची बाजू आढ्यावरून आडवी टाकायची, मध्ये दोन फूट एकावर एक. ३८ फूट लांब, २८ फूट रुंद तंबू होतो.

बी-२०४: काका, पण पाऊस जोरात आला तर जोडातून गळणार नाही का?

ए-३०२ काका: उतार असेल तर नाही. आढं ९ फुटांवर, कडा साडेचारवर ठेवली की पाणी थांबत नाही. सपाट बांधली की पोट सुटतं. एका चौरस मीटरच्या खळग्यात १० सेंटिमीटर पाणी साचलं की १०० किलो वजन झालं, मग कडी तरी तुटते नाहीतर बांबू.

सी-१०४ दादा (मंडपवाले): काकांचं बरोबर. मला पावसापेक्षा वाऱ्याची काळजी आहे. आपल्याकडे साताऱ्यात पाऊस बघून सगळे जाडी विचारतात. फलटणचा भाग पर्जन्यछायेचा, तिथं आषाढात पाऊस कमी आणि वारं फार. वाऱ्यानं ताडपत्री मधोमध क्वचित फाटते, जाते ती कडेला, रिंगेपाशी (दोर ओवायच्या भोकातली कडी). ढिली राहिली की फडफडते, प्रत्येक फडफडीला रिंगेला हिसका बसतो आणि रिंग उपटून येते. म्हणून २५० जीएसएम घ्या, पण कड आधी बघा. दुमडीत दोर घातलेला हवा, कोपऱ्याला जादा ठिगळ हवं, रिंगा तीन-तीन फुटांवर हव्यात.

आणि दुकानात वजनकाट्यावर ठेवायलाच लावा. ३० × २० म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर, २५० जीएसएमची १४ किलोच्या आसपास भरली पाहिजे. ११ भरली तर ती २०० ची आहे, छाप काहीही असो. टेप लावून मापही घ्या, कड दुमडल्यावर काही इंच कमी भरतं. उजेडासमोर धरून भोकं बघा.

डी-२०१ वहिनी: रिंग निघालीच तर रात्री काय करायचं?

सी-१०४ दादा: वहिनी, लिंबाएवढा गुळगुळीत गोटा घ्या. कडेपासून वीतभर आत, ताडपत्रीच्या खालून धरा. वरून कापड त्याच्यावर आवळलं की मान तयार होते, त्या मानेला दोरीचे दोन वेढे आणि गाठ. रिंगेपेक्षा पक्कं बसतं, कारण ताण एका भोकावर न येता सगळ्या कापडावर येतो. मी तर चारही कोपऱ्यांना पहिल्यापासूनच असं करायला सांगेन.

सचिव: बांबू किती?

सी-१०४ दादा: मेढी (आढ्याखालचे खांब) १० फुटी ५, फूटभर पुरायच्या. आढ्याला १० फुटी ४, जोड मेढीवरच आणायचा. कडेला साडेपाच फुटी १०. पश्चिमेची कड मात्र ३ फुटांवरच ठेवा, तिकडचे बांबू दीड फूट छाटून घ्या. आढं उत्तर-दक्षिण, म्हणजे वारं उतारावरून वर निघून जातं. तोंड पश्चिमेला नकोच, आत वारं भरलं तर तंबू उचलतो. बांबूच्या टोकांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, नाहीतर घासून भोक पडतं.

बी-२०४: दोर नायलॉनचा आहे माझ्याकडे, भरपूर.

ए-३०२ काका: नायलॉन भिजला की लांबतो, रात्रीतून ताण जातो. काथ्या भिजला की आखडतो आणि खुंटी ओढतो. प्लॅस्टिकचा कासरा घ्या, गुरांना लावतात तो, ८ मिलिमीटर. खुंट्या २० लागतील, अडीच फुटी लोखंडी सळीच्या. तंबूच्या उलट दिशेला कलत्या ठोकायच्या. काळ्या रानात चिखल झाला की त्याही सुटतात, म्हणून माती भरायला सिमेंटची रिकामी पोती न्या. जमलं तर मुरमाचीच जागा धरा.

डी-२०१ वहिनी: खाली अंथरायला?

ए-३०२ काका: १२० जीएसएमच्या २४ × १८ च्या दोन. लांबीला जोडल्या की २४ × ३६, माणशी २१ चौरस फूट मिळतात, सामानासकट पुरतं. अंथरलेली कड छपराबाहेर गेली तर सगळं पाणी अंथरुणाखाली येतं, तेव्हा ती आतच दुमडून ठेवायची. बाहेर पागोळी पडते तिथं वीतभर खोल चर काढून उताराला वाट द्या.

डी-२०१ वहिनी: स्वयंपाक वेगळा करूया. तंबूत गॅस किंवा चूल अजिबात नको, ताडपत्री ठिणगीनंसुद्धा वितळते. १८ × १२ ची एक उंच बांधू, चारी बाजू उघडी, तंबूच्या पूर्वेला २५ फुटांवर. तंबूची दोन्ही टोकं वरून हातभर उघडी ठेवा. ४० जणांच्या श्वासानं आतून पाणी धरतं आणि लोकांना वाटतं गळतंय.

सचिव: बरं. ३० × २० च्या दोन (२५० जीएसएम), २४ × १८ च्या दोन, १८ × १२ ची एक. रंग?

सी-१०४ दादा: पांढरा किंवा पिवळा, आत उजेड राहतो. काळी नको. आणि रविवारी मागच्या मोकळ्या प्लॉटवर एकदा उभी करून बघू. टेम्पोत भरायच्या क्रमानं दोर, खुंट्या सगळ्यात वर ठेवा, तळावर आधी त्याच लागतात.