टीडीएस जुळत नसेल तर आधी २६एएस उघडा

वडिलांच्या एफडीवरचा टीडीएस (व्याजातून बँकेने आधीच कापलेला कर) रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मिसमॅच' दाखवतोय, आकडा बदलून रिटर्न भरून टाकू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून तसं करू नका. सॉफ्टवेअर फक्त २६एएसशी, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीशी, ताडून बघतं, चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेली असते.

कोथरूडच्या माझ्या काकांचं असंच झालं. बँकेच्या सर्टिफिकेटवर टीडीएस होता, २६एएसमध्ये मात्र त्या बँकेची ओळच नाही. दोन संध्याकाळी आम्ही सॉफ्टवेअरशीच झटापट करत बसलो. मग सर्टिफिकेट नीट पाहिलं, तर १० ऐवजी २० टक्के कापलेले. पॅन चुकीचा असला की असं होतं, तिथेच शंका आली. पॅनचं पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं. काकांचं 'के' हवं, बँकेत 'एच' चढलेलं! शाखेत पॅनची झेरॉक्स आणि लेखी अर्ज दिला, पोच घेतली. बँकेने टीडीएसचं दुरुस्ती विवरण भरल्यावरच रक्कम २६एएसमध्ये दिसली. हे काम बँकेलाच करावं लागतं, सीए किंवा हेल्पलाइन ते करू शकत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका.

अजून एक. सॉफ्टवेअर आपोआप नवी करप्रणाली धरतं. वडील ज्येष्ठ नागरिक असतील तर व्याजावरची कलम ८०टीटीबीची ५० हजारांपर्यंतची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते, त्यामुळे दोन्हींत हिशोब करून बघा.

आणि रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करायला विसरू नका. सर्टिफिकेटवर किती टक्के कापलेत ते बघून इथे सांगाल का?